चांगानं दाखवलेल्या जागा

माझ्या तसबिरींचं पुस्तक पाहायला लोक अजून घरी येतात. पानं उलटतात, माना डोलावतात आणि हटकून एकच विचारतात, की तुम्ही पुण्याचे, ठाणं-कल्याण तुम्हाला परका मुलूख, मग इतक्या नामी जागा सापडल्या कशा? पूर्वी मी मिशीवरून हात फिरवून काहीतरी ठोकून द्यायचो. नजर असावी लागते, वगैरे. आता वय झालं, ठोकून द्यायचाही कंटाळा येतो. खरं सांगायचं तर त्यातली एकही जागा माझी नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी. सगळ्या जागा चांगाच्या. त्यानं बदल्यात माझ्याकडे एकच तसबीर मागितली होती, बायकोची, आणि तीही मी त्याला दिली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी भला माणूस समजणार नाही.

चांगा हा डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातला आगरी. मिठागरात वाढलेला, आणि पुढे मिठाचा पडाव, म्हणजे मोठी होडी, घेऊन भरतीबरोबर कल्याण बंदराला चढायचा, ओहोटीबरोबर ठाण्याला उतरायचा. चाळिशीचा असेल. काटकुळा, उन्हानं करपलेला, कमरेला रुमाल, डोक्याला तांबडी टोपी. टाचा मिठानं अशा चिरलेल्या की पाहवत नसत. आणि जगातल्या प्रत्येकाला 'तू' म्हणायचा. मामलेदाराला तू, देवीला तू, मला तू. मी पुण्याचा, एकारान्त आडनावाचा, पागोटेवाला. पहिल्यांदा त्यानं मला 'तू' म्हटलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नंतर कळलं की त्यांच्यात तीच रीत. पुढे तर कोणी 'अहो' म्हटलं की मला परकं वाटायला लागलं.

मला त्या मुलखात धाडलं होतं एका गोऱ्या साहेबानं. जुनी देवळं, पडके किल्ले, लेणी आणि रम्य देखावे यांच्या तसबिरी काढून आणायच्या. त्यानं हातात एक यादी दिली होती. यादीत गावांची नावं होती, पण कुठे उभं राहायचं ते कुठल्या यादीत असतं? तेव्हा आतासारख्या तयार काचा विलायतेहून डब्यात येत नव्हत्या. काचेवर औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली आहे तोवर क्यामेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत काळ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ घटकेचा. म्हणजे जिथे देखावा तिथेच तंबू, आणि तंबूपाशी हंडाभर स्वच्छ पाणी.

कल्याणला पोचल्यावर मी दुर्गाडीच्या पडक्या बुरुजाखाली मोठ्या ऐटीत तंबू ठोकला. बघ्यांची ही गर्दी. चार दिवस काचांमागून काचा केल्या आणि चारही दिवस सगळ्यांवर दुधासारखा पांढरा ढग. मी औषधाला शिव्या दिल्या, विकणाऱ्याला दिल्या, स्वतःच्या नशिबाला दिल्या. चौथ्या दिवशी गर्दीतून एक माणूस पुढे आला, न विचारता माझ्या बादलीत बोट बुडवून त्यानं ते जिभेवर ठेवलं आणि थुंकला.

"पानी खारा हाय मास्तर," तो म्हणाला. "तुजा औषद नासनारच."

पाणी मी काठावरच्या विहिरीतून काढवलं होतं. मला ते गोडच लागलं होतं. पण भरती चढली की त्या विहिरीत खाडीचं पाणी पाझरतं, हे मला पुण्यात बसून कसं कळावं? चांगा गेला आणि तासाभरानं बायकोला घेऊन आला. तिच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. शेणाळे तळ्याच्या बाजूच्या कुठल्याशा विहिरीचं पाणी. त्या दिवशीची पाचवी काच आरशासारखी स्वच्छ निघाली. दुसऱ्या दिवसापासून चांगानं पडाव भावाच्या हवाली केला आणि नवरा-बायको दोघं माझ्याबरोबर फिरू लागली. पाणी तिच्या डोक्यावर, क्यामेरा त्याच्या खांद्यावर. प्यायचं पाणी मात्र मी माझ्या तांब्यात वेगळं ठेवायचो. तेव्हाचा मी तसा होतो.

त्याची जागा शोधायची तऱ्हा न्यारीच होती. पहिल्या दिवशी मी त्याला काळ्या कापडाखाली डोकं घालून क्यामेऱ्याची काच पाहू दिली. आत देखावा उलटा दिसतो. खाली आभाळ, वर जमीन. चांगा बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा गंभीर होता. म्हणाला की डबा जर उलटा बघतो तर जागा शोधणाऱ्यानंही उलटंच बघायला पाहिजे. आणि मग प्रत्येक ठिकाणी हा बाबा देखाव्याकडे पाठ करून उभा राही, पाय फाकवी, कमरेत वाकून पायांमधून बघे, दोन पावलं डावीकडे सरके, पुन्हा वाके. पटलं की टाचेनं जमिनीवर रेघ ओढी आणि म्हणे, "हितं." चांगलं आहे, सुंदर आहे, असलं काही नाही. नुसतं हितं. मी गुपचूप तिवई त्या रेघेवर मांडायचो. सुरुवातीला दोन-चारदा मी शहाणपणा करून रेघेपासून दहा हात लांब उभा राहिलो, तर त्या काचा मीच नंतर फेकून दिल्या.

एकदा साहेब पाहणीला आला असता चांगा असाच वाकलेला होता, आणि नेमकी त्याची ती बाजू साहेबाकडे. साहेब लालबुंद. मी ततपप करतोय तोवर चांगा उठला, साहेबाचा दंड धरून त्याला रेघेवर उभं केलं आणि वाकून बघायला सांगितलं. मी भाषांतर केलं, की हुजुरांनी कृपा करून क्यामेऱ्यातून पाहावं. साहेबानं कापडाखाली डोकं घातलं, आणि तोही बराच वेळ बाहेर आला नाही. तो लोनाडच्या लेण्यांसमोरचा देखावा. पुस्तकात आठव्या पानावर आहे.

दम तर त्याला इतका, की माझा संपायचा. पारसिकच्या डोंगरावरून ठाण्याची तसबीर घ्यायची म्हणून त्यानं मला तीन दिवस वर बसवून ठेवलं. पहिल्या दिवशी म्हणे खाडी रिकामी, नुसता चिखल दिसेल. दुसऱ्या दिवशी खाडी भरली पण वारा होता, पाणी हलत होतं. मी वैतागून म्हटलं, अरे बाबा, पाणी हलायचंच. तो ढिम्म. तिसऱ्या दिवशी सकाळी भरती पुरी चढली, वारा पडला आणि खाडी काठोकाठ, ताटातल्या दुधासारखी निश्चल झाली. पलीकडे ठाणं, तळ्याकाठची देवळं, किल्ल्याचा तट. तेव्हा कुठे चांगानं माझ्या पाठीवर थाप मारली.

आता त्याच्या बायकोविषयी. साहेबाचा नियम असा, की प्रत्येक जुन्या वास्तूपाशी एक माणूस उभा करायचा, म्हणजे पाहणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. माणसानं मात्र साठ आकडे मोजून होईपर्यंत हलता कामा नये. हललं की काचेवर धूर. चांगाला उभं केलं तर त्याला खाज सुटायची, वळून बघायचा, मला सूचना द्यायचा. त्याची बायको मात्र उभी राहिली की राहिली. जन्मभर डोक्यावर दोन-दोन भांडी घेऊन बांधावरून चाललेली बाई, तिला स्थिर राहणं शिकवायला लागत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच. मी तिला सांगायचो, तोंड तिकडे कर, देवळाकडे. डोळे मिटले, ओठ हलले, की तसबीर बिघडते, आणि साहेबाला माणसाशी काय करायचंय, त्याला उंची हवी. ती मुकाट्यानं पाठ करून उभी राही. माझ्या पुस्तकात अकरा ठिकाणी ती आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पाठमोरी.

तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. चांगा घेत नसे, नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही. हाक मारायची झाली तर "अगं" किंवा नुसता खाकरायचा. पण दोघांचं गूळपीठ असं, की तो खाकरायच्या आधी ती वळलेली असे. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख असेलच, मला कधी दिसलं नाही. दुपारी झाडाखाली बसून भाकरी खाताना दोघं काहीबाही बोलत आणि ती पदर तोंडाला लावून हसत राही. मी तिकडे माझा दशमीचा डबा उघडून एकटा बसलेला असायचो आणि मला हेवा वाटायचा.

अंबरनाथच्या देवळापाशी आम्ही पाच दिवस होतो. शेवटच्या दिवशी सगळं आटोपलं आणि एक ओली काच हातात उरली. चांगा माझ्याजवळ आला. इतक्या दिवसांत त्यानं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याला मागता येत नव्हतं. टोपी काढली, परत घातली.

"मास्तर, एक जवलशी काड," तो म्हणाला. "हिचा तोंड दिसल अशी."

मी काढली. देवळाच्या दारातल्या सावलीत, तिला माझ्याकडे तोंड करायला सांगून. तिला आधी जमेचना, सवयीनं वळून पाठ करायची. चांगा हसला, मीही हसलो. मग उभी राहिली. काच धुऊन मी ती काळ्या कापडावर धरली, म्हणजे काळं-पांढरं उलटं झालेलं चित्र सुलट दिसतं. कपाळावरचं गोंदण, नाकातली फुली, मोठे शांत डोळे, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. माझ्या आयुष्यात मी माणसाचं इतकं चांगलं चित्र त्याआधी काढलं नव्हतं, नंतरही नाही. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मी हाय ही?" मी दोघांना शब्द दिला, की पुण्याला कागदावर छापतो आणि दिवाळीला घेऊन येतो.

मग वैशाख आला. यादीतलं शेवटचं नाव ठाण्याच्या खाडीवरचा आगगाडीचा पूल. आदल्या दिवशी डोंगर उतरताना माझा पाय घसरला आणि कोऱ्या काचांची पेटी फुटली. एकही शिल्लक नाही. मुंबईहून नव्या यायला आठवडा. साहेब परवा बोटीवर चढणार, त्याआधी त्याला सगळ्या काचा पाहायच्या. आणि चांगानं जागा तर शोधून ठेवलेलीच, कळव्याच्या अंगाला टाचेनं रेघसुद्धा ओढलेली. म्हणत होता, की भर दुपारी काठोकाठ भरती आहे, अशी पुन्हा पंधरा दिवस नाही, उरक लवकर.

मी तंबूत शिरलो. साहेबाच्या काचांना हात लावायची सोय नव्हती. एकच काच यादीबाहेरची होती.

मी स्वतःला काय सांगितलं ते मला लख्ख आठवतं. म्हटलं, अरे, ती बाई तर बाहेर उभी आहे. हंडा घेऊन, जिवंत, धडधाकट. दिवाळीला दुसरी काढू, याहून चांगली काढू. पूल परत मिळायचा नाही, ती कुठे जाते! त्या काचेला अजून थर पक्का करणारं वॉर्निश लावलं नव्हतं. कोपऱ्याला अंगठा लावला तर थर सुटला, दुधावरची साय निघावी तसा एका ओढीत निघाला. मग खडूच्या भुकटीनं घासली, धुतली. तंबूच्या फटीतून हात बाहेर काढून पाणी मागितलं, तर तिनंच कळशी आत दिली. तिनं आणलेल्या पाण्यानं मी तिला धुऊन टाकलं. तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही. पूल सुरेख आला. साहेब खूश झाला. चांगाला मी काही सांगितलं नाही, कशाला सांगायचं, दिवाळीला काढणारच होतो.

मी अगदीच बेशरम नव्हतो. कार्तिकात खरंच गेलो. चार नव्या कोऱ्या काचा निव्वळ तिच्यासाठी घेतल्या होत्या. साहेबाच्या मूळ काचाही पेटीत होत्या, छापायला माझ्याकडे ठेवलेल्या. कल्याणच्या बंदरावर उतरलो आणि समोरून चांगा येताना दिसला. त्याच्या डोक्यावर हंडा होता. त्या मुलखात बाप्ये माणसं डोक्यावर पाणी वाहत नाहीत. मी जिथे होतो तिथेच थांबलो.

श्रावणात पटकीची साथ आली होती. तिचं दीड दिवसात आटोपलं. चांगा तेव्हा पडावावर होता, आला तोवर लोकांनी सगळं उरकलेलंही होतं. त्याला तोंड पाहायला मिळालं नाही. हे सगळं त्यानं मला हंडा खाली ठेवून, उभ्याउभ्याच सांगितलं. रडला नाही. मीच रडलो आणि मग लाज वाटून पागोटं सारखं करत राहिलो. तो म्हणाला, की गोंदण आठवतं, हात आठवतात, चालणं आठवतं, पण तोंड आता डोळ्यांपुढे येत नाही. रोज रात्री आठवायला बसतो आणि रोज थोडं कमीच येतं. पण मला काळजी नाही, तिची काच तुझ्याकडे आहे, म्हणून वाट बघत होतो. आणि मग त्यानं हात पुढे केला.

"मथीची काच दे मना," तो म्हणाला.

नाव त्यानं पहिल्यांदा उच्चारलं. आता घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती.

मी खोटं बोललो. काच फुटली म्हणालो. पुण्याच्या वाटेवर, घाटात, गाडी उलटली आणि फुटली. एवढं सविस्तर खोटं माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. चांगानं मान हलवली. वस्तू फुटतात हे त्याला ठाऊक होतं.

"मंग तुकडे दे," तो म्हणाला. "मी जोडतू."

मी बंदराच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पेटी, पूल, भरती, अंगठा, सगळं. तो मला मारील असं वाटलं. मारायला हवं होतं, बरं वाटलं असतं. तो माझ्या शेजारी बसला आणि विचार करू लागला. जागा शोधताना करायचा तसाच. मग विचारलं, की धुतलीस ती कुठल्या पाण्यानं? मी म्हटलं, गोड्या. तिनं आणलेल्या.

"पुलाची काच तीच नाय का?" तो अखेर म्हणाला. "ती दे. पानी जाते, मीठ ऱ्हाते. काय तरी ऱ्हायला आसलच."

मी त्याला सांगू शकलो असतो, की कधीकधी नीट न घासलेल्या काचेवर जुन्या चित्राची छाया राहते, पण मी ती फार मन लावून घासली होती. नाही सांगितलं. पेटी उघडली, पुलाची काच काढून त्याच्या हातात दिली. साहेबाला पुढे कळवलं की फुटली. म्हणून माझ्या पुस्तकात ठाण्याचा पूल नाही, आणि त्याबद्दल मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या काचेवर माझा हक्क नव्हता, असं मी आजही मानतो.

दोन दिवस मी कल्याणात काही न करता पडून राहिलो. निघायच्या दिवशी राहवेना, म्हणून त्याच्या गावाकडे गेलो. कोणीतरी मिठागराकडे बोट दाखवलं. नव्या मोसमाची आगरं नुकतीच भरलेली, सगळीकडे उथळ पाणी आणि त्यावर ऊन. मधल्या बांधावर चांगा उभा होता. दोन्ही हातांत काच उभी धरलेली. ती तो सूर्याकडे करी, तिरपी करी, एक पाऊल मागे घेई, पुन्हा पाही. बांधभर त्यानं टाचेनं ओढलेल्या रेघा होत्या. शेजारच्या आगरात काम करणारी माणसं त्याच्याकडे पाहत नव्हती. बहुधा दोन दिवस पाहून झालं असावं.

मी अगदी जवळ गेलो. मला त्याची क्षमा मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. त्यानं वर पाहिलंच नाही.

"मास्तर, बाजूस व्ह," तो म्हणाला. "तुजी सावली पडते तिच्यावर."

मी बाजूला झालो.